रि: दाढेचं रूट कॅनल, इथे इंग्लंडात की नाशिकला?

पंचवटीच्या वहिनी:
ह्यांची तीच खालची दाढ परत ठणकायला लागलीय. जवळच्या डेंटिस्टकडे फोन केला तर एनएचएसवर, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, नवीन मोठी माणसं घेत नाही म्हणे, आणि प्रायव्हेट असेल तर उद्याच या, खुर्ची तीच डॉक्टर तोच! दिवाळीला नाशिकला जातोच आहोत, तोवर कळ काढावी का? गणपतीत कोणीतरी नंबर दिला होता तो मेल सापडेना.

डॉक्टरताई:
वहिनी, कळ काढू नका, एनएचएसच्या १११ नंबरला फोन करून अर्जंट अपॉइंटमेंट मागा, दाढ उघडून आत औषध भरून देतील, पूर्ण रूट कॅनल नाही पण ठणका थांबेल. आणि डॉक्टरवर राग काढू नका, दोष पैसे द्यायच्या पद्धतीचा आहे. इंग्लंडमध्ये २००६ पासून डेंटिस्टला यूडीए, म्हणजे कामाला ठरवून दिलेले गुण, मोजून पैसे मिळतात, चेकअपला १, फिलिंगला ३, कवळीला १२. दाढ उपटली तरी ३ आणि तासभर बसून बारीक फाइलने तिच्या तिन्ही-चारी नळ्या साफ केल्या तरी ३च! २०२२ च्या नोव्हेंबरात कुठे दाढेच्या रूट कॅनलला ७ केले. वर्षाचं काम ठरल्याच्या ९६ टक्क्यांखाली गेलं की पैसे परत द्यावे लागतात, मग बरेच दात किडलेला नवीन पेशंट कोण घेईल? ज्याला गरज जास्त तोच दाराबाहेर, मला खरंच संताप येतो याचा.

गंगापूर रोडवाले काका:
ताई, २००६ च्या आधी कामागणिक पैसे होते तेव्हा माझ्या धड दातांतसुद्धा चांदी भरून ठेवलीय. त्यापेक्षा आपल्या नाशिकच्या सिव्हिल हॉस्पिटलसारखा डॉक्टरांना पगार बरा. आणि औषधपाण्याचे मेल आरोग्य समितीमार्फतच टाकायचे असं आपल्या एजीएमला (वार्षिक सभेत) ठरलंय, कृपया पाळा.

नाशिकरोडकर, सध्या ग्लासगो:
काका समितीचं राहू द्या हो, तिकडे माणूस कळवळतोय. आमच्या स्कॉटलंडात अजून कामागणिकच आहे, २०२३ च्या नोव्हेंबरात यादी सुटसुटीत करून दर बदलले, तरी आम्हाला नाव नोंदवायला डेंटिस्ट मिळता मिळेना. पगाराचं म्हणाल तर आईला सिव्हिलला नेलं होतं, डॉक्टर बिचारे मान वर न करता काम करत होते, नको ते फिलिंग कोणी सुचवलं नाही, पण केसपेपरपासूनच रांग. खुर्च्या आणि माणसं वाढवल्याशिवाय नुसत्या पगाराने काय होणार?

डॉक्टरताई:
वहिनी, १११ चं काय झालं ते कळवा. नाशिकला करायचंच असेल तर लक्ष्मीपूजन ते भाऊबीज बहुतेक दवाखाने बंद, रूट कॅनलला दोन-तीन सिटिंग आणि वर कॅप, तेव्हा आत्ताच वेळ घेऊन ठेवा आणि इथला एक्स-रे मागून न्या.