किर्लोस्करवाडी कशी वसली : घरच्या ग्रुपवर

छोटी: आबा, उद्या शाळेत 'एक गाव कसं वसलं' लिहून न्यायचंय. किर्लोस्करवाडी घेतलीय. जुनं गाव होतं आणि तिथे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगरांचा कारखाना काढला, बरोबर ना?

आबा: उलटं झालं बाळा. गाव नव्हतंच. नुसता माळ, निवडुंग आणि साप. रेल्वेचं स्टेशन तेवढं आधीचं, त्याचं नाव कुंडल रोड. १९१० च्या मार्चमध्ये कारखान्याची माणसं आली आणि मग वस्ती उभी राहिली.

दादा: कारखाना आधी बेळगावला होता ना? ते सोडून एवढ्या आडरानात का?

आबा: बेळगावची जागा नगरपालिकेने सोडायला लावली. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ मध्ये नुकतेच गादीवर बसले होते. त्यांनी ३२ एकर जमीन दिली, वर १०,००० रुपये कर्ज.

काकू: पण औंध साताऱ्याकडे, कुंडल सांगलीकडे. हे कसं?

आबा: संस्थान सलग नव्हतं सूनबाई, तुकडे विखुरलेले होते. कुंडल त्यातलंच.

दादा: आणि नांगर लगेच खपले?

आबा: छे! लोखंडाने जमीन विषारी होते म्हणायचे शेतकरी. लाकडी नांगर माती नुसती उकरतो, लोखंडी तिला पालथी घालतो. मी लहानपणी नांगराच्या तासाच्या कडेने चालायचो. ढेकूळ उलटलं की खालची ओली काळी बाजू उन्हात चकाकायची. ते एकदा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटणार कसं?

छोटी: मग लक्ष्मणराव आणि राजेसाहेब, एवढ्यांचंच लिहू?

आबा: नको गं. वस्तीची आखणी लक्ष्मणरावांचे थोरले बंधू रामूअण्णा बघत. शंभोराव जांभेकर यंत्रांत मुरलेले, मंगेशराव रेगे हिशेब सांभाळायचे. आणि रात्रीचे पहारेकरी विसरू नकोस. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी राखणीला ठेवलं. ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं, त्यांच्या भरवशावर अख्खी वाडी झोपायची. मला त्या गावाबद्दल सगळ्यात मोठं हेच वाटतं.

काकू: हे शेवटी नको टाकूस छोटे, वर घे.

छोटी: घेते. आबा, पहिली ओळ अशी चालेल? 'इथे आधी फक्त एक स्टेशन होतं.'

आबा: चालेल. निवडुंगही लिही.