मलय बाटिक आणि शाईची रेघ

प्रश्न : मी सोलापुरात शाईने फुलापानांची चित्रे काढते. मलेशियातील केलांतान आणि तेरेंगानू येथील बाटिकच्या, म्हणजे मेण लावून रंगवलेल्या कापडाच्या, मोकळ्या, मोठ्या वेलींनी मला झपाटले आहे. परंतु कागदावर नुसती नक्कल उतरते. काय करावे?

उत्तर : ताई, नक्षीआधी कृती पाहा. कारागीर चांतिंग या मेण सोडायच्या हातसाधनाच्या बारीक नळीतून वितळलेले मेण कापडावर सोडतो, त्या कुंपणात ब्रशने रंग भरतो आणि शेवटी कापड उकळून मेण काढतो. म्हणून तिथली पांढरी रेघ काढलेली नसते, राखलेली असते. मला हेच सर्वांत सुंदर वाटते. जाड कागदावर पांढऱ्या मेणबत्तीने रेघ ओढून वरून पातळ शाई फिरवा.

उत्तर : मलेशियातील पिनांगचे चित्रकार चुआ थिअन तेंग यांनी १९५०च्या दशकात बाटिकलाच चित्रकलेचे माध्यम केले. त्यांची कामे अवश्य पाहावीत.

उत्तर : आपल्या सोलापुरी चादरीची नक्षी जॅकार्ड मागावर उभ्याआडव्या धाग्यांतून घडते, त्यामुळे आपला हात नकळत कोनांकडे वळतो. आधी मनगट सैल सोडून नुसत्या वेली गिरवा.

प्रश्नकर्ती : मेणबत्तीने करून पाहिले. पाकळीच्या कडेशी शाई थबकली, थेंब होऊन बाजूला सरकली आणि मधली पांढरी शीर तशीच राहिली. आपली मनापासून आभारी आहे.