डोक्याला मार लागून सात महिने झाले. नवरा बरा झाला, मी अजून नाही. मदत हवी आहे

नमस्कार. मी इंदूरची, लोकमान्य नगरात राहते. वय ४३. एका शाळेत हिशेबाचं काम बघते.

फेब्रुवारीत अन्नपूर्णा रोडला आमची स्कूटर स्पीडब्रेकरवर उडाली. हे चालवत होते, मी मागे साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसले होते. दोघंही पडलो. ह्यांनी हेल्मेट घातलं होतं, मी नाही. पडल्यानंतरची काही मिनिटं दोघांनाही आठवत नाहीत. सीटी स्कॅन दोघांचे नॉर्मल, कागदावर दोघांच्याही 'माइल्ड हेड इंजरी'. हे तीन आठवड्यांत ऑफिसला जायला लागले.

माझं मात्र अजून मिक्सर सुरू झाला की डोकं फुटायला येतं. आकड्यांची उभी बेरीज करताना वरचा आकडा खाली येईपर्यंत विसरते. दोनदा वरणाचं पातेलं करपवलं. लहानपणापासून अनंत चतुर्दशीला रात्रभर जागून झांक्या (मिरवणुकीतले देखावे) बघणारी मी, यंदा कानात कापूस घालून मागच्या खोलीत पडून होते. खूप वाईट वाटलं.

तीन महिने पाळीही नाही. डॉक्टर म्हणाले, "वय झालं, आणि तुम्ही टेन्शन फार घेता." घरी सासूबाई काळजीनेच विचारतात, "त्याला काही नाही, मग तुलाच कसं गं?" मला उत्तर देता येत नाही.

हेल्मेटचा फरक असणारच, ते मान्य. पण अमेरिकेच्या ट्रॅक-टीबीआय या मोठ्या अभ्यासातून २०२१ साली असं पुढे आलं की सौम्य मार लागलेल्या बायकांना पुरुषांपेक्षा जास्त त्रास राहतो, आणि ३५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये तो विशेष दिसतो. वाचून रडू आलं. म्हणजे मी मनाचे खेळ करत नाहीये.

पाळीचा या माराशी संबंध असू शकतो का? कोणाकडे जायचं, काय तपासायला सांगायचं? असा त्रास झालेल्या ताया इथे असतील तर कृपया लिहा.

प्रतिसाद:
ताई, माझ्या वहिनीचं असंच झालं होतं, म्हणून लिहितो. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथी बारीक देठाला लटकलेली असते. डोक्याला हिसका बसला की कधीकधी तिचं काम बिघडतं, मग पाळी, थायरॉईड, थकवा सगळंच हलतं. वय ४३ आहे, त्यामुळे पाळी वयानेही थांबू शकते, पण न तपासता तसं ठरवू नये. एंडोक्रायनॉलॉजिस्टना, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांना, अपघाताची तारीख आधी सांगा. सकाळचं कॉर्टिसोल, थायरॉईड (फक्त टीएसएच नको, फ्री टी४ सुद्धा) आणि प्रोलॅक्टिन तपासायचं का, हे त्यांनाच विचारा. मानही दाखवा. वहिनीची निम्मी डोकेदुखी मानेतून येत होती, ते फिजिओथेरपिस्टच्या लक्षात आलं.

आणि डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, फिट आली किंवा हातपाय लुळे पडले तर वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीत जा.

धागाकर्ती:
दादा, खूप आभार. मानेबद्दल मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. आजपासून झोप, डोकेदुखी आणि पाळी रोज वहीत लिहिते. सोमवारी हे सोबत येणार आहेत. त्यांना हा धागा वाचायला दिलाय.