बी विंगमध्ये रात्री ११ ला बादल्या कोण आपटतंय

बी ३०४ काका (सकाळी ६.४२)
सुप्रभात. काल मंगळवारी रात्री ११ ते १२.१० आमच्या डोक्यावर बाथरूममध्ये बादल्या आपटण्याचे, पाणी ओतण्याचे आणि लहान मुलांच्या रडण्याचे आवाज येत होते. झोपेची गोळी घेऊनही उपयोग झाला नाही. उद्या गुरुवार आहे, महानगरपालिकेचे पाणी बंद. अशा वेळी मध्यरात्री इतके पाणी कोण वापरते ते कळावे. कोणाचे नाव घेत नाही.

ए ६०३
काका तुमच्या डोक्यावर एकच फ्लॅट आहे 😀

सेक्रेटरी
सर्वांना विनंती, रात्री १० नंतर शांतता. उद्या पाणी नाही, आज रात्रीच भरून ठेवा. टँकर मागवायचा की नाही ते उद्या १२ ला बघू. मेंटेनन्स राहिलेल्यांनी भरावा (हेही कोणाचं नाव घेत नाही)

बी ४०४ (सकाळी ८.२१)
काका नमस्कार, आवाज आमचाच होता, सॉरी. आत्ता थोरलीला बसमध्ये बसवून आले म्हणून उत्तर द्यायला उशीर, सकाळी फोन हातात घेतला तर डबा राहतो.

बी ४०४
आता विचारलंच आहे तर सांगूनच टाकते, नाहीतरी आज ना उद्या कळणारच. थोरलीच्या डोक्यात उवा झाल्यात. काल संध्याकाळी तिची वेणी घालताना कानामागे लिखा दिसल्या आणि मग मागून एक चालतच बाहेर आली. मग जुळ्यांची डोकी बघितली तर धाकट्याच्याही डोक्यात, थोरल्या जुळ्याच्या नाही पण तो एका जागी बसेल तर नीट बघणार ना. मेडिकलमधून औषध आणायला ९ वाजले कारण तिघांना घेऊनच खाली उतरावं लागतं, हे सेकंड शिफ्टला आहेत, चाकणहून घरी यायला १ वाजतो, आणि सासूबाई गावी. आल्यावर जेवणं. मग औषध. ते लावून १० मिनिटं ठेवायचं असतं, डोळ्यात जाऊ द्यायचं नाही. साडेतीन वर्षांच्या दोन पोरांना १० मिनिटं डोळ्याला हात लावू नको सांगून बघा कोणीतरी. एकाचे दोन्ही हात माझ्या गुडघ्यात धरलेले, दुसरा बादलीत बसलेला, थोरली स्वतःच टॉवेल धरून भिंतीला टेकून उभी, आणि त्यात बादलीत बसलेल्याने बादली उलटी केली. ते आपटणं ते. ओळीने तिघांची डोकी धुवून, पुसून, फणी फिरवून झालं तेव्हा १२ वाजून गेले होते.

ए ६०३
उवा??? 😳

ए ६०३
प्लीज मग काही दिवस मुलांना खाली गार्डनमध्ये नको पाठवायला, बाकीच्या मुलांचा पण विचार करायला हवा ना

बी ५०२
(हा मेसेज डिलीट केला आहे)

बी ४०४
बरोबर आहे तुमचं, नाही पाठवत.

ए २०१ काकू
अगं त्यात काय एवढं, शाळेत जाणाऱ्या पोरीच्या डोक्यात उवा नाही होणार तर काय फुलं येणार. आम्ही सदाशिव पेठेत वाड्यात राहायचो, दर रविवारी सकाळी ओसरीवर रांग लागायची. आजी आईच्या डोक्यात बघायची, आई माझ्या, मी धाकटीच्या, आणि धाकटी शेजारच्या मनीला मांडीवर घेऊन तिच्या 😂 पुढे पांढरं धोतर पसरायचं, त्यावर पडली की दोन अंगठ्यांच्या नखात टच्च. आवाज आला की पोरं मोजायची, कोणाच्या जास्त निघाल्या त्यावर भांडणं व्हायची. लाज बिज काही नव्हती बाई.

ए २०१ काकू
सीताफळाच्या बिया वाळवून पूड कर आणि खोबरेल तेलात कालवून रात्रभर लाव, एका रात्रीत साफ. माझ्याकडे बिया आहेत, पाठवते.

बी ३०४ काका
रॉकेल पण लावत असत.

सी १०२ डॉक्टर (दुपारी १.१५)
थांबा थांबा थांबा. काकू, बिया पाठवू नका हात जोडते. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली की बुबुळाला जखम होते, डोळा लालभडक, उजेड सहन होत नाही, माझ्याकडे अशी बाई आली होती जिने उवांसाठीच लावली होती आणि पुढे दोन दिवस डोळा उघडत नव्हता. लहान मुलांना तर अजिबात नको, ती रात्रभर डोकं खाजवतात आणि तोच हात डोळ्यावर. रॉकेलने त्वचा भाजते आणि गॅसजवळ गेलं पोर तर विषयच संपला. कापूर घातलेलं तेल पण लहानांच्या डोक्यावर चोपडू नका, पोटात गेलं तर झटके येऊ शकतात.

ए २०१ काकू
बाई गं. आम्ही जन्मभर लावलं.

सी १०२ डॉक्टर
काकू तुमचं नशीब चांगलं 🙏

सी १०२ डॉक्टर
आता बाकीच्यांसाठी, कारण मला पर्सनलवर तीन जणांचे मेसेज आलेत (नावं सांगत नाही). ऊ उडत नाही आणि उडीही मारत नाही, तिला पंख नाहीत, ती केस धरून चालते. म्हणजे बहुतेक वेळा डोक्याला डोकं लागूनच जाते. गार्डनमध्ये घसरगुंडीवर बसून कोणाला होत नाही, एका मोबाईलमध्ये चार पोरं डोकी घालून बसतात तेव्हा होतात. कुत्र्या मांजरांवरून पण येत नाहीत. आणि घाण घर वगैरे काही संबंध नाही, रोज न्हाणाऱ्या डोक्यात पण तितक्याच आनंदाने राहते. डोक्याबाहेर पडलेली ऊ दोन दिवसही जगत नाही त्यामुळे गाद्या जाळायची गरज नाही, उशांचे अभ्रे आणि टॉवेल गरम पाण्यात धुवा, एवढं बास.

ए ६०३
ओके मॅडम. पण खात्री कशी करायची झाल्यात की नाही?

सी १०२ डॉक्टर
ओले केस, भरपूर कंडिशनर, लिखांची बारीक फणी, मुळापासून टोकापर्यंत, प्रत्येक वेळी फणी पांढऱ्या कपड्यावर पुसायची. कानामागे आणि मानेच्या वर आधी बघा. नुसत्या वरून बघून कळत नाही. कोंडा झटकला की पडतो, लीख केसाला चिकटलेली असते, नखाने ओढून काढावी लागते. जिवंत ऊ दिसली तरच औषध, उगाच सगळ्या घराला लावत सुटू नका.

बी ५०२
मघाशी डिलीट केलेला मेसेज मी परत टाकते. आमच्याकडे मे महिन्यापासून आहेत. दोन्ही मुलींना. मी कोणाला सांगितलं नाही कारण मागच्या वर्षी वाढदिवसाला एकही जण आलं नव्हतं, मुलीला फक्त सर्दी होती म्हणून. औषध लावलं की आठ दिवस बरं आणि परत सुरू.

सी १०२ डॉक्टर
एकदाच लावलं असणार!! औषधाने ऊ मरते, अंडं बऱ्याचदा वाचतं. अंडं आठ-नऊ दिवसांत फुटतं आणि नवीन पिढी तयार. म्हणून ७ ते १० दिवसांनी दुसरा डोस लागतोच, आणि मधल्या दिवसांत एक दिवसाआड फणी. सगळ्यांचं इथेच चुकतं.

बी ५०२
अरे देवा. मी दुकानदाराला शिव्या घालत होते.

बी ४०४ (दुपारी ३.५०)
डॉक्टर थँक्यू. जुळे आत्ता झोपलेत म्हणजे मोठा झोपलाय आणि धाकटा मोठ्याच्या कानात बोट घालून बघतोय तो झोपला का. मला एक विचारायचं होतं, शाळेत सांगावं का? काल औषध लावताना थोरली रडली ती औषधाने नाही. सोमवारी वर्गात तिला शेवटच्या बाकावर एकटं बसवलं होतं म्हणे, वहीत चिठ्ठी पण दिली होती ती तिने फाडून दप्तराच्या तळाशी लपवली, मला काल सापडली. मला म्हणाली आई मी घाण आहे का. सात वर्षांची आहे ती. मी तिला काय सांगणार होते माझा एक हात एकाच्या डोक्यात आणि दुसरा दुसऱ्याच्या तोंडावर होता, मी फक्त म्हटलं डोळे मीट पाणी ओततेय. रात्री यांना सांगितलं तेव्हा मग मला रडू आलं. तिच्याशी बोलायला वेळच मिळत नाही, ती मोठी म्हणून सगळं तिनेच समजून घ्यायचं. जुळे झाले तेव्हा ती जेमतेम साडेतीनची होती, म्हणजे आज हे जेवढे आहेत तेवढीच, आणि मी तिला तेव्हापासून मोठी म्हणतेय.

ए २०१ काकू
😔 संध्याकाळी तिला माझ्याकडे पाठव. एकटीला. जुळे नकोत.

सी १०२ डॉक्टर
शाळेत सांगा, आणि औषध लावलंय हेही सांगा. घरी बसवायचं कारण नाही, वेगळं बसवायचं तर अजिबातच नाही. लागलं तर मी लेटरहेडवर लिहून देते.

ए ६०३
मी सकाळी जे बोलले ते जरा घाईत बोलले. सॉरी. गार्डनमध्ये पाठवा मुलांना. माझ्याच मुलाचं डोकं मी आत्ता बघितलं, दोन लिखा आहेत किंवा कोंडा आहे, चष्मा शोधतेय.

बी ५०२
झटकून बघा, पडला तर कोंडा

ए ६०३
नाही पडत 😭

सी ४०१
मधे बोलतो. आमची आधी एकच मुलगी होती, बायको दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी असताना मी तिला १५ दिवस एकट्याने सांभाळलं तर वाटलं होतं आता मला सगळं येतं. मग बाळ आलं. एकाची दोन झाली की काम दुप्पट होतं हे साफ खोटं आहे, एक शीला बसलं की दुसऱ्याला लागते, एकाला ताप आला की तो उतरेपर्यंत दुसऱ्याला चढतो, आणि दोघं एकदम शांत असतील तर पळत जाऊन बघायचं काय फोडलंय. परवा शांत होती म्हणून गेलो तर पिठाच्या डब्यात बाळाचे पाय आणि मोठी त्याला म्हणतेय आता दुसरा. त्यात आठवडाभर पाऊस, युनिफॉर्म वाळत नाही, सकाळी इस्त्रीने मोजे वाळवतोय.

बी ४०४
मोजे फ्रिजच्या मागे टाका, रात्रीत वाळतात. मी तीन जोड टाकते. एक कायम खाली पडतो तो फ्रिज सरकवल्यावर दिवाळीला मिळतो.

सेक्रेटरी
कृपया वैयक्तिक विषय पर्सनलवर. ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे.

ए २०१ काकू
मग हे सोसायटीचंच काम आहे. पाच घरात निघाल्यात आत्तापर्यंत. आणि तुमच्या नातीची वेणी मी काल लिफ्टमध्ये बघितली हो.

सेक्रेटरी
🙏

ए २०१ काकू
रविवारी १० वाजता गच्चीवर. ज्यांच्या ज्यांच्या पोरांची बघायचीत त्यांनी आणा. पांढरी चादर माझी. पाऊस आला तर जिन्यात बसू. कंडिशनर आपापला आणा, फणी मी तुळशीबागेतून उद्या चार आणते, पैसे नंतर द्या. एकदम सगळ्यांची झाली तर एकमेकांकडून परत व्हायच्या नाहीत, बरोबर ना डॉक्टर?

सी १०२ डॉक्टर
एकदम बरोबर. प्रत्येक घराची फणी वेगळी मात्र. मी पण येते.

बी ४०४
काकू मला यायचंय पण एकीचे केस विंचरायला बसले की बाकीचे दोघं गच्चीच्या कठड्याकडे पळणार. ह्यांना रविवारी ओव्हरटाइम आहे. मी थोरलीला तुमच्याकडे सोडते, जुळ्यांचं घरीच करते.

बी ३०४ काका (संध्याकाळी ६.०५)
सकाळी मी जे लिहिले ते मला उवांची कल्पना नसल्याने लिहिले.
दुसरे असे की जुळ्या मुलांना मी धरू शकतो. मला टक्कल आहे. माझ्यापासून कोणाला काही होणार नाही व मलाही काही होणार नाही. ही इथे नसल्याने (लेकीकडे बंगलोरला आहे) मला रविवारी सकाळी विशेष काम नसते.

ए ६०३
काका 😂😂❤️

बी ५०२
अख्ख्या सोसायटीत सगळ्यात सेफ माणूस

बी ४०४
काका खरंच?? ते चावतात हां. म्हणजे मोठा चावतो. धाकटा फक्त चष्मा ओढतो.

बी ३०४ काका
चष्मा काढून ठेवतो. बँकेत ३४ वर्षे कॅश काउंटरला होतो.

बी ४०४ (रात्री ९.३०)
काकू, थोरली तुमच्याकडून आल्यापासून वाड्याचंच सांगतेय. विचारते रविवारी जास्त निघाल्या तर मी जिंकले का. जुळ्यांना पण आता पाहिजेत, थोरला जुळा डोकं पुढे करून बसलाय माझ्या का नाहीत म्हणून भोकाड पसरलंय. काका हा आवाज तोच आहे, पाच मिनिटात बंद करते.

बी ३०४ काका
अजून १० वाजले नाहीत. चालू द्या.

बी ४०४
डॉक्टर, दुसरा डोस नवव्या दिवशी म्हटलं तर बरोबर पुढचा गुरुवार येतो. पाणी नाही 🤦‍♀️

सी १०२ डॉक्टर
आठव्या दिवशी, बुधवारी करा. चालतं. पण संध्याकाळी लवकर.

बी ३०४ काका
बुधवारी ७ ला वर येतो. माझ्याकडे दोन रबरी बादल्या आहेत, त्या आपटल्या तरी आवाज होत नाही. घेऊन येतो.