प्रोसिडिंग बुक जाळा म्हणणाऱ्यांना

जुनासचिव:
काल ‘क्लाउडकर’ यांनी लिहिलं, “संस्था मागे पडतात त्या प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची वही, कवटाळून बसणाऱ्या म्हाताऱ्या विश्वस्तांमुळे. वह्या जाळा, सॉफ्टवेअर घ्या, महिनाभरात कारभार रुळावर.” वाचून चहा कडू झाला.

साहेब, आमचे खजिनदार काका वारले. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात, सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम २२ खाली बदल अर्ज द्यायचा. दिला. सभेची नोटीस, ती पोचल्याच्या सह्या, ठराव, मृत्यूचा दाखला, सगळं त्याच वहीतून निघालं. तरी अर्ज चार वर्षं पडून. नवीन शेड्यूल वन, म्हणजे विश्वस्तांच्या नावांचा सरकारी उतारा, हातात नाही म्हणून बँक सही बदलत नाही. ओटीपी काकांच्याच मोबाइलवर. मग काकूंना फोन करायचा. त्या चष्मा शोधणार, “आठ आहे की तीन रे?” विचारणार, तोवर ओटीपीची मुदत संपणार. यात तुमचं क्लाउड काय करणार होतं?

क्लाउडकर:
म्हणजे मृत माणसाच्या ओटीपीवर तुम्ही चार वर्षं खातं चालवलंत आणि वर मलाच शिकवताय? संस्थेच्या नावाचं सिम आधीच घेतलं असतं तर ही वेळ आली नसती. वही जाळा हे रागाने लिहिलं, मान्य. पण ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले’ हे वाक्य सोडून त्या वहीत काय असतं? आमच्याकडे तर सभा न होताच वही भरायचे. कोरम घरोघर फिरून गोळा.

जुनासचिव:
सभा न घेता ठराव लिहिणारा सॉफ्टवेअरमध्येही लिहील. टाइप केलेला असेल, एवढाच फरक.

हिशेबवाली:
तुमचं दोघांचं चालू द्या. ते सॉफ्टवेअर भरतं कोण? मी. ३१ मे ही १०बीडीची, म्हणजे देणगीदारांची नावं-पॅन आयकर खात्याला कळवायच्या फॉर्मची, शेवटची तारीख, उशीर झाला की दिवसाला २०० रुपये. रात्री अकराला मी पावतीबुकं घेऊन बसलेली आणि पावतीवर नाव काय, तर ‘एक हितचिंतक, हस्ते देशमुख सर’. पॅन कुठून आणू? विश्वस्त सांगतात, “बघ गं काहीतरी.” पगार ११ हजार. त्याला पगार म्हणायचं नाही, ‘मानधन’.

सेवाव्रती:
सामाजिक कामात पगाराची भाषा आली तिथेच चळवळ संपली. आम्ही पदरमोड करून वसतिगृह उभं केलं. पैसाच हवा तर बँकेत नोकरी धरावी.

हिशेबवाली:
पदरमोड करायला आधी पदर लागतो, काका. तुम्ही कॉलेजात प्राध्यापक होतात, पेन्शन चालू आहे. किराणावाला मला सेवाभावाने तूरडाळ देत नाही.

ऑडिटचाकागद:
मानधन लिहिलं म्हणून पीएफ चुकत नाही. २० माणसं झाली की कायदा लागू, पावतीवर दक्षिणा लिहा नाहीतर प्रसाद.

हिशेबवाली:
आम्ही १९ आहोत. विसावीला ‘स्वयंसेविका’ म्हणतात.

क्लाउडकर:
हे ऐकून मात्र गप्प बसवत नाही. प्रशासकीय खर्च कमी दाखवायची हौस याच्या मुळाशी आहे. २०२० च्या दुरुस्तीने परदेशी देणग्यांतून होणारा हा खर्च ५० वरून २० टक्क्यांवर आणला. आमच्याकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्या घ्यायची परवानगी, नाहीच, तरी अध्यक्ष तोच २० चा आकडा तोंडावर फेकतात. हिशेबनीस ठेवायला पैसे नाहीत, वर्धापनदिनाच्या मंडपाला आहेत.

सेवाव्रती:
मंडप देणगीतून होतो. उगाच शिंतोडे उडवू नका.

हिशेबवाली:
हो, ‘एक हितचिंतक’कडून. दोन हजारांच्या वर रोख, म्हणजे देणगीदाराला ८०जीची आयकर सवलतही नाही. पावती मीच फाडली.

जुनासचिव:
मूळ मुद्दा राहिला बाजूला. बरं क्लाउडकर, सिमचं तुमचं बरोबर. घेतो संस्थेच्या नावावर. वहीही स्कॅन करून ठेवतो, म्हणजे तुमचा आत्मा शांत होईल. जाळणार मात्र नाही.

क्लाउडकर:
स्कॅन तरी करा, उपकार होतील. बाय द वे, काकांच्या सिमचा रिचार्ज कोण करतं?

जुनासचिव:
मीच. वर्षाचा एकदम. ‘किरकोळ खर्चा’त टाकतो.

ऑडिटचाकागद:
हे इथे लिहायला नको होतं.