सामनच्या डोक्या-काट्यांचं खत भाजीला चालेल का? (मिशिगन)

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

आमच्या घरामागची छोटी नदी पुढे लेक मिशिगनला मिळते. सप्टेंबर-ऑक्टोबरात चिनूक सामन अंडी घालायला नदीत चढतात आणि नंतर तिथेच मरतात. शेजारचे आजोबा गळाने सामन धरतात आणि डोकी-काटे मला देऊ करतात, बागेत पुरायला. आमच्या मालवणात माडाच्या आळ्यात मासळीचं खत घालतातच, त्यामुळे मला लगेच पटलं. शिवाय अलास्कातली अस्वलं सामन झाडीत ओढून नेतात आणि समुद्रातला नायट्रोजन स्प्रूसच्या पानांत सापडतो, हेही वाचलं होतं.

पण इथला सामन पीसीबीमुळे (पूर्वी विजेच्या उपकरणांत वापरलेलं, लवकर न मोडणारं विषारी रसायन) बेतानेच खा, अशी सरकारी सूचना आहे. (अमेरिकेत पीसीबीचं उत्पादन १९७९ पासून बंद, तरी ही कथा!) मग वाफ्यात तो बिनधास्त कसा घालू? लावलंय झुकिनी, गाजर, टोमॅटो, थोडी मेथी. कंपोस्ट केल्यावर पीसीबी मोडतं का?

प्रतिसाद १:
मोडत नाही, निदान घरच्या ढिगात तरी त्या भरवशावर राहू नका. नायट्रोजन झाड वापरून टाकतं, पीसीबी मातीत उरतं आणि दरवर्षी त्यात भर पडते.

अलास्काची दुसरी बाजूही आहे. सामनचं ९५ टक्क्यांहून जास्त वजन समुद्रात वाढतं, त्यामुळे नायट्रोजनसोबत तिथलं पीसीबीही चरबीत साठून नदीत येतं. तिथल्या तळ्यांच्या गाळाचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला: जिथे सॉकाय सामन जास्त परततात, तिथे गाळात पीसीबी जास्त. तुमच्याकडचे सामन तर मूळचे पॅसिफिकचे. लेक मिशिगनमध्ये अलवाइफ नावाचे छोटे मासे फार माजले म्हणून १९६६-६७ मध्ये कोहो आणि चिनूक जातीचे सामन मुद्दाम सोडले. तळ्यातलं पीसीबी तेच आता नद्यांत वर नेतात. त्यांची अंडी खाणाऱ्या ब्रूक ट्राउटमध्येही ते वाढलेलं आढळलंय.

तुमच्या यादीत झुकिनी नेमकी नडणारी. बहुतेक भाज्या मुळांवाटे पीसीबी फारसं घेत नाहीत, पण झुकिनी आणि तिच्या जातीचे भोपळे बरंच ओढतात. गाजराला माती चिकटते, म्हणून तेही नको. द्यायचंच तर फुलझाडांना द्या, खोल पुरून. नाहीतर रॅकून रात्रीत सगळं उकरतील.

मूळ धागाकर्ता:
धन्यवाद! आजोबांच्या भोपळ्याच्या वेलाखाली गेली कित्येक वर्षं हेच जातंय. त्यांच्या मातीची पीसीबी तपासणी कुठे होते, साधारण खर्च किती? मिशिगनकर कोणी करून घेतली असेल तर कृपया सांगा.