खेळाडूने तयार केलेली ‘लेव्हल’ : पातळी, टप्पा की डाव?

प्रश्न

वर्धा जिल्ह्यातील आमच्या गावी नववीतील काही मुले मोबाइलवर ‘जॉमेट्री डॅश’ हा उड्यांचा खेळ खेळतात. त्यातील दोघे-तिघे स्वतः लेव्हल, म्हणजे अडथळे मांडलेली वाट, तयार करून एकमेकांना खेळायला देतात. शाळेच्या हस्तलिखितासाठी मी त्यांना या छंदावर लेख लिहायला सांगितले, तेव्हा त्यांनी सर्वत्र ‘पातळी’ असा शब्द वापरला. ‘मी नवीन पातळी बनवली’ हे वाक्य मला खटकते. पण त्याऐवजी काय लिहावे, हे सुचत नाही. दुसरी शंका अशी की, ही मुले एका लेव्हलला ‘अवघड’ म्हणतात आणि दुसरीला ‘रडीची’ म्हणतात. हार दोन्हींकडे होते. मग अर्थातला फरक कोणता?

उत्तर

आपल्याला ते वाक्य खटकले, हे योग्यच आहे. पातळी विहिरीच्या पाण्याची असते, धरणाची असते, चर्चेचीही असते. ती वाढते, घटते, मोजली जाते, पण कोणी ती आखत नाही. म्हणून खेळाडू किती वर चढला हे सांगताना ‘पातळी’ चालेल. ज्या जागेत तो उड्या मारतो, त्या जागेला मात्र ती शोभत नाही.

‘टप्पा’ हा शब्द पुष्कळ जवळचा आहे, कारण चेंडूच्या उसळण्यालाही आपण टप्पाच म्हणतो. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या व्हिडिओ खेळात आठ जगे आणि प्रत्येक जगात चार असे ३२ टप्पे होते, तेथे एकामागून दुसरा येत असल्यामुळे हा शब्द अगदी चपखल बसतो. परंतु खेळाडूने स्वतः रचलेली लेव्हल एकटीच उभी असते, तिच्या आधी काही नसते आणि पुढेही काही नसते, त्यामुळे तिला कशाचा टप्पा म्हणणार?

माझी पसंती ‘डाव’ या शब्दाला आहे, आणि त्यासोबत ‘आखणे’ किंवा ‘मांडणे’ ही क्रियापदे घ्यावीत. आमच्या अंगणात मुली विटकरीच्या तुकड्याने बिल्लसची घरे आखतात, तेव्हा जी आखते तिला प्रत्येक घर स्वतःच्या एका पायाने ओलांडून दाखवावे लागते. एखादे घर तिलाच झेपले नाही, तर ती ते पायाने पुसून जवळ घेते. हाच नियम या खेळांत यंत्राने घातलेला आहे. २०१५ मध्ये आलेल्या ‘सुपर मारिओ मेकर’मध्ये रचणाऱ्याने आपला डाव स्वतः पार केल्याशिवाय तो इतरांसाठी ठेवताच येत नसे, आणि ‘जॉमेट्री डॅश’मध्येही तशीच अट आहे. शिवाय ‘डाव’ शब्दात मांडलेला खेळ आणि लढवलेली युक्ती असे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, आणि लेव्हल रचणारा नेमके हेच करतो.

आता ‘रडी’विषयी. स्वतः पार करण्याची अट फक्त डाव शक्य आहे एवढेच सिद्ध करते, तो खेळण्याजोगा आहे हे सिद्ध करत नाही. कारण रचणाऱ्याला सगळ्या जागा आधीच ठाऊक असतात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या ओट्यावर माझ्या पुतण्याने आखलेला डाव त्याचा मामेभाऊ खेळत होता. सलग तीन काटे होते आणि त्यांच्यापुढे शोभेसाठी ठेवलेल्या दाट झुडपामागे चौथा काटा दडलेला होता. मामेभाऊ अकरा वेळा त्याच जागी मेला आणि शेवटी मोबाइल खाली ठेवून म्हणाला, “काहून बे, हे तं दिसतच नाही! रडी खाल्ली तुनं.” पुतण्या थोडा वेळ गप्प बसला, मग त्याने ते झुडूप काढून टाकले. काटा तोच राहिला, जागाही तीच राहिली. त्यानंतरही मामेभाऊ सहा वेळा मेला, पण आता प्रत्येक वेळी तो स्वतःशीच ‘उशिरा दाबलं’, ‘लवकर दाबलं’ असे पुटपुटत होता, आणि पार झाल्याबरोबर त्याने दुसरा डाव मागितला. आपण का हरलो हे ज्या डावात कळते तो अवघड, आणि जेथे ते कळण्याची सोयच ठेवलेली नसते तो रडीचा, असा अर्थ मुलांनी अचूक पकडलेला आहे.

शंका

‘रडीचा डाव’ हा हरू लागल्यावर नियम मोडणाऱ्या खेळाडूचा असतो. येथे दोष मांडणाऱ्याकडे आहे, म्हणून ‘फसवा डाव’ म्हणणे अधिक शुद्ध होणार नाही का?

उत्तर

अर्थ खेळणाऱ्याकडून मांडणाऱ्याकडे सरकला आहे, हे आपले निरीक्षण मान्य आहे. तरीही ‘फसवा’ पुरेसा नाही, कारण फसवणुकीतही गंमत असू शकते. १९८५ च्या त्याच खेळाच्या पहिल्याच टप्प्यात एक अदृश्य ठोकळा आहे, त्याला डोके लागले की जादा जीव देणारी अळंबी बाहेर येते. त्याला आपण ‘गुपित’ म्हणू. तसाच अदृश्य ठोकळा एखाद्याने खोल खड्ड्यावर, उडीच्या नेमक्या वाटेत ठेवला, तर डोके आपटून खेळाडू खाली पडतो. अशा डावांच्या पंथाला ‘काइझो’ हे नाव फेरफार या अर्थाच्या जपानी शब्दावरून पडले. पंथातील जाणकारांना हा सापळा अपेक्षितच असतो, म्हणून त्यांच्यात ती रडी ठरत नाही. मात्र नवख्यासमोर न सांगता ठेवला, तर ठरते.

मांडणाऱ्याच्या शब्दशः रडीचेही उदाहरण आहे. एप्रिल २०२४ मध्ये ‘सुपर मारिओ मेकर’ची ऑनलाइन सेवा बंद होण्यापूर्वी, रचणाऱ्याशिवाय कोणीच पार न केलेला प्रत्येक डाव पार करण्याचा ध्यास काही खेळाडूंनी घेतला होता. अखेरीस उरलेल्यांपैकी ‘ट्रिमिंग द हर्ब्ज’ नावाच्या एका छोट्या डावावर अनेकांनी रात्री जागवल्या, आणि मार्च २०२४ मध्ये त्याच्या रचनाकाराने कबूल केले की, तो त्याने स्वतःच्या हातांनी नव्हे, तर आपोआप बटणे दाबणाऱ्या यंत्राच्या साहाय्याने पार केला होता. यासाठी ‘फसवा’ फार सौम्य होईल; येथे ‘रडी’च लिहावे.

प्रश्नकर्त्याकडून

आभार. हस्तलिखितात ‘पातळी’ खोडून ‘डाव आखला’ असे केले आहे. ‘रडी’ मुलांनी लिहिली होती तशीच ठेवली, आणि ‘गुपित’ हा शब्द त्यांनी आपणहून मथळ्यात घेतला.